मामा, पंखा कोणता घेऊ?

मागे एकदा रात्री जेवणं आटोपून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फ्लोरिडाहून भाच्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मामा, बोट घेतली! जुनी आहे पण झकास आहे. कॅटमरान. दोन तळ, मधे बोगदा आणि मागे दोनशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. फक्त म्हणावी तशी पळत नाही. सगळे म्हणतात पंखा बदल. मामा, पंखा कोणता घेऊ?"

माझी बरीच वर्षं बोटींच्या इंजिनांत ग्रीसने हात माखून घेण्यात गेली, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. (पंखा म्हणजे प्रॉपेलर बरं का. बंदरावर त्याला सगळे पंखाच म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींना अजूनही छताचाच आठवतो. :-) )

मी त्याला म्हटलं, "नंबर विचारतोस का? फोनवर नंबर सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून घेऊ नकोस." तो जरा हिरमुसला. मग मी त्याला जे सांगायला लागलो ते अर्धा तास चाललं आणि तरी अर्धवटच राहिलं. म्हणून ते इथे नीट लिहून काढतोय. गोष्ट पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे आणि ती सुरू होते एका मोडक्या पंख्यापासून.

*

पंख्याच्या आधी आगबोटींना दोन बाजूंना मोठाली चाकं असायची, पाणचक्कीसारखी. लाटांमध्ये एक चाक पाण्यात तर दुसरं हवेत. लढाऊ जहाजावर तर तोफगोळ्याला आयतं लक्ष्य. पाण्याखाली दडलेलं मळसूत्र फिरवून जहाज पुढे नेता येईल, ही कल्पना अनेकांच्या डोक्यात होती. पण तिच्यामागे हात धुऊन लागले ते मुख्यतः दोघं. एक लंडनजवळच्या हेन्डनचा शेतकरी, फ्रान्सिस पेटिट स्मिथ. दुसरा स्वीडनचा इंजिनिअर जॉन एरिक्सन. दोघांनी १८३६ साली, दीडेक महिन्याच्या अंतराने, इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं.

स्मिथचा पंखा आजच्यासारखा पात्यांचा नव्हता. लाकडाचं लांब मळसूत्र होतं, पूर्ण दोन वेढ्यांचं. वेढे जास्त तर पाण्यावर पकड जास्त, असा साधा हिशोब. १८३७ च्या सुरुवातीला पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना हे मळसूत्र कशावर तरी आपटलं आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोटीवरच्या लोकांना वाटलं असणार, संपलं सगळं. आणि झालं उलटंच. बोट आधीपेक्षा जोरात पळायला लागली!

मला ही गोष्ट फार आवडते. स्मिथचं डोकं असं की त्याने हा अपघात झाकला नाही, त्यातून धडा घेतला आणि पुढचं मळसूत्र एकाच वेढ्याचं केलं. त्यातूनच पुढे 'आर्किमिडीज' नावाची आगबोट तयार झाली. तीच बोट इसम्बार्ड ब्रुनेलने चाचण्यांसाठी मागून घेतली, तिच्यावर वेगवेगळे पंखे लावून पाहिले, आणि मग आपल्या 'ग्रेट ब्रिटन' या प्रचंड लोखंडी जहाजाचा चाकांचा आराखडा बाजूला ठेवून पंखा बसवला.

ब्रिटिश आरमाराची मात्र लगेच खात्री पटली नाही. त्यांनी 'रॅटलर' या जहाजावर डझनावारी पंखे बदलून बदलून पाहिले. शेवटी एप्रिल १८४५ मध्ये पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' ही दोन जहाजं शेपटीला शेपटी बांधून दोन दिशांना ओढायला लावली. सरळ रस्सीखेच! 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला अडीच नॉटच्या आसपास वेगाने उलटं ओढत नेलं. शास्त्रीय चाचणी म्हणून तिला फार अर्थ नव्हता, पण बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं.

*

पुढची पन्नास वर्षं बरी गेली. मग इंजिनांचा वेग वाढला आणि पंख्यांनी नवंच दुखणं काढलं.

१८९४ साली चार्ल्स पार्सन्सने आपलं वाफेचं टर्बाइन 'टर्बिनिया' नावाच्या लांबट, निमुळत्या बोटीत बसवलं. टर्बाइन भन्नाट वेगाने फिरत होतं, शक्ती भरपूर होती, पण बोट वीस नॉटच्या आतच अडकून पडली. पंखा बदलला, पुन्हा बदलला, तरी तेच. जवळपास त्याच सुमारास आरमाराच्या 'डेअरिंग' या जहाजावरही असाच अनुभव आला होता. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवल्यावर तिथे सुधारणा झाली.

कारण काय? लेह-लडाखला जाऊन आलेल्यांना माहीत असेल, तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. दाब अजून खूप कमी केला तर साधं थंड पाणीसुद्धा उकळेल. पंखा फार जोरात फिरला की पात्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की पाणी तिथेच उकळून वाफेचे बुडबुडे होतात. पात्याला रेटायला पाणीच उरत नाही. वर ते बुडबुडे फुटताना धातूला टोचे मारतात आणि पातं देवीच्या वणासारखं खड्ड्याखड्ड्यांचं होतं. याला म्हणतात कॅव्हिटेशन.

पार्सन्सने काय केलं? १८९५ साली तांब्याच्या नळ्यांची एक छोटी बंद टाकी केली, त्यात इवलासा पंखा फिरवला आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. जगातला हा पहिला कॅव्हिटेशन टनेल. मग एका पंख्याऐवजी तीन दांडे घातले आणि प्रत्येक दांड्यावर तीन, असे नऊ पंखे लावले. इंजिनाची शक्ती नऊ जणांत वाटली गेली. जून १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाल्याबद्दल स्पिटहेडला आरमाराचं संचलन होतं. तिथे 'टर्बिनिया' त्या भल्यामोठ्या जहाजांच्या रांगांमधून चौतीस नॉटच्या आसपास वेगाने सुसाट गेली. पाठलाग करणाऱ्या गस्ती बोटी मागेच राहिल्या.

हा किस्सा मी भाच्याला मुद्दाम सांगितला. कारण बोट पळत नाही म्हटल्यावर आपण सगळे पहिल्यांदा इंजिनाकडे बोट दाखवतो. मीही दाखवलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका लाँचचं इंजिन मी पुरं उघडायला लावलं होतं. आठ दिवस गेले. इंजिन निर्दोष निघालं. पंख्याची पिच जास्त होती, इंजिन बिचारं ओझ्याखाली दबलं होतं. उघडलं त्याच्या आधी नुसता आरपीएमचा काटा बघितला असता तरी कळलं असतं. ते आठ दिवस मी अजून विसरलेलो नाही.

*

बुडबुड्यांशी भांडायचा एक मार्ग पार्सन्सचा. दुसरा मार्ग विल्यम अल्बर्ट हिकमन या कॅनडात जन्मलेल्या माणसाचा. त्याने १९१० च्या दशकात 'सी स्लेड' नावाच्या बोटी केल्या. नेहमीच्या बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्याने तो उलटा केला. म्हणजे दोन कडा पाण्यात आणि मधे बोगदा. आणि पंखे बसवले ते अर्धे पाण्यात, अर्धे पाण्याबाहेर!

ऐकायला वेडेपणा वाटतो. पण विचार करा. पातं प्रत्येक फेऱ्यात हवेतून पाण्यात शिरतं, येताना आपल्याबरोबर हवा घेऊन येतं. जिथे वाफेची पोकळी झाली असती तिथे आधीच हवा भरलेली असते, त्यामुळे ते धातू खाणारे बुडबुडे टळतात. शिवाय पंख्याचा दांडा आणि त्याचं सगळं लटांबर पाण्यात ओढत न्यावं लागत नाही. मोठ्या वेगात या ओढीनेच निम्मा जीव जातो. १९५० च्या दशकात अमेरिकन आरमाराच्या संशोधकांनी पोकळीत चालणाऱ्या पात्यांचं गणित बसवलं. पुढची धार पातळ आणि मागची कड जाड, पाचरीसारखी. शर्यतीच्या बोटींवर आज 'क्लीव्हर' नावाचा जो पंखा दिसतो, खाटकाच्या सुऱ्यासारखा मागून सरळ कापलेला, तो याच घराण्यातला.

आता भाच्याच्या बोटीकडे. कॅटमरान हा शब्द आपल्याकडचा, म्हणजे तमिळ. 'कट्टुमरम', बांधलेली लाकडं. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पुस्तकात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या या ओंडक्यांच्या तराफ्यांबद्दल लिहिलं आणि शब्द इंग्रजीत गेला. पुढे तो दोन तळांच्या बोटींना चिकटला. १८७६ साली नॅथॅनियल हेरेशॉफने 'अमॅरिलिस' नावाची दोन तळांची शिडाची बोट न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि तिने भल्याभल्यांना मागे टाकलं.

पण खरं सांगायचं तर दोन होड्या जोडण्याला आपल्या मराठीत फार नेमका शब्द आहे. सांगड! दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेली ती सांगड. गोव्यात २९ जूनला, सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या सणाला, होड्या जोडून त्यावर गाणी-नाटकं करत नदीतून जातात, तो 'सांगोड' त्यातलाच. आपण रोजच्या बोलण्यात 'सांगड घालणे' म्हणतो तेव्हा होडी डोळ्यासमोर येतही नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मी कॅटमरान म्हणणारच नाही, सांगड म्हणणार!" बघू किती दिवस टिकतं.

*

तिसरा धागा आउटबोर्डचा. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. त्याने १९०९ साली बोटीच्या मागे टांगायचं दीड हॉर्सपॉवरचं इंजिन विकायला काढलं. असं इंजिन करणारा तो पहिला नव्हता, पण घरोघरी पोचवणारा तोच. एव्हिनरूड नावाची इंजिनं पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ निघत राहिली. त्यांचं उत्पादन २०२० साली बंद झालं.

आउटबोर्डने आमच्या विषयात एक मोठा बदल केला. जहाजाचा पंखा बदलायचा म्हणजे जहाज गोदीत घ्यायला हवं. आउटबोर्डचा पंखा एक नट सोडला की हातात. इंजिन वर-खाली करता येतं, पुढे-मागे कलवता येतं. म्हणजे जे ब्रुनेलला आणि आरमाराला महिनोन् महिने लागायचे, ते कुणीही माणूस रविवारी सकाळी करू शकतो. पंखा निवडणं हे तेव्हापासून बोटवाल्याचं घरगुती काम झालं आणि तिथूनच वादही सुरू झाले. :-)

हिकमनचा बोगदा, पाण्यावर अर्धा तरंगता पंखा आणि आउटबोर्ड, या तिघांची सांगड खऱ्या अर्थाने जमली ती शर्यतींमध्ये. इटलीत कोमो सरोवराच्या काठी अँजेलो मोलिनारीच्या कारखान्यात १९६० च्या दशकात दोन तळांच्या आउटबोर्ड बोटी होऊ लागल्या. पॅरिसला सीन नदीवर सहा तासांची शर्यत व्हायची. तिथे आणि इतरत्रही या बोगद्याच्या बोटींनी साध्या तळाच्या बोटींची सद्दी संपवली. अँजेलोचा मुलगा रेनाटो १९८१, १९८३ आणि १९८४ असा तीनदा फॉर्म्युला वन पॉवरबोटचा विश्वविजेता झाला.

या बोटी इतक्या पळतात याचं कारण पाणी नाही, हवा. बोगद्यात शिरलेली हवा बोटीला खालून उचलते. वेग वाढेल तशी बोट पाण्यावरून सुटत जाते आणि शेवटी तळाच्या मागच्या टोकांवर आणि पंख्यावरच उभी असल्यासारखी जाते. पण हेच तिचं दुखणं. नाळ जरा जास्त वर झाली की हवा बोगद्यातून आत शिरून बोट पतंगासारखी उचलते आणि मागे उलटवून टाकते. १९८४ च्या हंगामात शर्यतींत काही चालकांचा जीव गेला. त्यानंतर चालकाभोवती मजबूत बंद कोश आला, आज तो सक्तीचा आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अशा बोटी आपल्याकडेही येऊन गेल्या, आंध्रात विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात. आपल्या महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आणि तिच्यावर दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने जाणाऱ्या सांगडी! या बोटींना ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही. चालकाच्या हातात इंजिनाचा वेग, कल आणि सुकाणू. त्यामुळे बरंचसं भवितव्य किनाऱ्यावर पंखा लावतानाच ठरतं. म्हणून संघ पंख्यांच्या पेट्या बरोबर घेऊन फिरतात. वारा बदलला, पाणी खवळलं, वळणं जास्त असली की पंखा बदलला.

*

तर मग कसा निवडायचा? मी भाच्याला सांगितलं ते थोडक्यात असं.

पिच म्हणजे मळसूत्राच्या आट्यांचं अंतर. पंखा घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढे गेला असता, ते. पण पाणी घट्ट नाही, थोडं निसटतंच. त्या निसटण्याला स्लिप म्हणतात. इंजिनाचे आरपीएम भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले पिच, भागिले १०५६, की ताशी मैलांत हिशोबाचा वेग येतो. जीपीएसवर त्याहून किती कमी दिसतो ती स्लिप. अशा हलक्या बोटीला ती दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असली तर ठीक.

इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत पोचलंच पाहिजे. पोचत नसेल तर पिच कमी करायची. एक इंच कमी केली की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. फार वर जात असेल तर पिच वाढवायची. चार पाती तीन पात्यांपेक्षा पकड धरतात आणि वळणावर सुटत नाहीत, टोकाचा वेग थोडा जाऊ शकतो. पाती मागे जास्त कललेली असली की तो पंखा सहसा नाळ उचलतो, क्लीव्हर उलट मागची बाजू उचलतो. मागच्या कडेला हलकासा वळवलेला काठ असला तर पंखा पाण्याच्या वर आणूनही पकड सोडत नाही. आणि इंजिन वर घ्यायचं ते एका वेळी थोडंथोडं. गार करणाऱ्या पाण्याच्या दाबावर नजर ठेवून, नाहीतर इंजिन जळेल.

"आणि एका वेळी एकच गोष्ट बदल," मी म्हटलं. "पंखा बदललास त्या दिवशी इंजिनाची उंची बदलू नकोस. वहीत लिही."

तीन आठवड्यांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जुना तीन पात्यांचा, २६ पिचचा पंखा: ५२०० आरपीएम, ताशी ६० मैल. हिशोबाने ७३ यायला हवे होते, म्हणजे स्लिप १८ टक्के. मित्राकडून मागून आणलेला चार पात्यांचा, २४ पिचचा: ५८०० आरपीएम, ६६ मैल, स्लिप १२ टक्के. पिच कमी केली आणि वेग वाढला. खाली त्याने लिहिलं होतं, 'मामा, स्मिथ!' मला इतका आनंद झाला की विचारू नका.

पण पानावर तिसरी ओळही होती. दुकानदाराने त्याला एक तीन पात्यांचा, २५ पिचचा, पाती खूप मागे कललेला पंखा दिला होता. ५९०० आरपीएम, ७० मैल. सगळ्यात जोरात. माझा जीव जरा वरखाली झाला. कारण त्या बोटीत तो एकटा नसतो. शनिवार-रविवार बायको आणि दोन्ही मुलं असतात. शर्यतीच्या बोटीचा कोश त्याच्या बोटीला नाही.

मी लगेच फोन लावला. काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तो परत केला मामा. समोरून वारा आला तेव्हा नाळ तरंगायला लागली. मी एकटाच होतो, थ्रॉटल सोडला. पण नको वाटलं. चार पात्यांचाच घेतला."

"चार मैल गेले की," मी म्हटलं.

"गेले तर गेले. मुलं बसणार आहेत."

मी पुढे काही शिकवायचं राहिलं नव्हतं. तिचं नाव काय ठेवलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सांगड. देवनागरीत रंगवून घेतोय, तुम्ही अक्षर काढून पाठवा."

आज सकाळपासून तेच करत बसलोय. 'ग'वरचा आणि 'ड'वरचा गोलावा काही मनासारखा जमत नाही. असो.